खांबावरचा यवन

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र पाठपोट दोन कागद आहे, पण मुद्दा थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे.

त्यांचा मुलगा आठवीत शिकतो. शाळेची सहल कार्ल्याला गेली होती. एकवीरेचे दर्शन झाले आणि पोरे शेजारच्या लेण्यात शिरली. तिथे कुणीतरी माहिती सांगितली, की हे दगडी खांब निरनिराळ्या लोकांनी दान दिलेले आहेत आणि त्यांतले काही यवनांनी दिलेले आहेत. झाले! परतताना पोरांनी गाडीत वर्गातल्या एका मुलाला गाठले. तो पिंजाऱ्याच्या घरचा. "काय रे, तुझ्या आज्यानं दिला होता का खांब?" आधी नुसती चेष्टा, मग ती वाढत वाढत "तुम्ही देवळं फोडणारे, तुम्ही कसले खांब देताय" इथवर गेली. तो मुलगा आठ दिवस झाले शाळेत आलेला नाही. बाईंचा मुलगा त्याचा जिवलग. तो आईला विचारतो, "आई, यवन म्हणजे त्यांच्यातलेच ना? मग त्यांनी लेण्याला खांब कसा दिला?" बाई लिहितात, "मला उत्तर देता आले नाही. तुम्ही शब्दांविषयी लिहिता, तर तुम्हीच सांगा."

सांगतो ताई. पण उत्तर लांब पल्ल्याचे आहे. त्यासाठी समुद्रापलीकडच्या दोन बेटांवर जाऊन यावे लागेल.

मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशा असेल, तो उघडा. तुर्कस्तानचा पश्चिम किनारा पाहा. त्या किनाऱ्याला अगदी खेटून बेटे आहेत. वरच्या अंगाला खिओस, त्याच्या खाली सामोस. सामोस आणि किनारा यांच्यामधला समुद्र सर्वांत चिंचोळ्या जागी दोन किलोमीटरसुद्धा नाही. आज ही दोन्ही बेटे ग्रीस देशात मोडतात. अडीच हजार वर्षांपूर्वी या बेटांवर आणि समोरच्या किनाऱ्यावर ग्रीक बोलणारी जी माणसे राहत, ती स्वतःला 'इओनेस' म्हणवीत. ग्रीक लोक सांगत, की इओन नावाचा एक मूळपुरुष होता, त्याचा हा वंश. आपल्याकडे यदूचे यादव, तसे. इंग्रजी पुस्तकांत त्यांना आयोनियन म्हणतात.

त्यांची बारा नगरे होती. दहा किनाऱ्यावर आणि दोन बेटांवर, म्हणजे सामोस आणि खिओस. शाळेत काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त ज्याच्या नावाने घोकावा लागतो, तो पायथागोरस सामोसचाच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात सांगणारा आरिस्तार्कसही त्याच बेटावरचा. म्हणजे माणसे काही ऐरीगैरी नव्हती. पण गंमत पाहा. हिरोडोटस नावाचा जुना ग्रीक इतिहासकार लिहून ठेवतो, की अथेन्सच्या आणि इतर बऱ्याच आयोनियनांना या नावाची लाज वाटे, ते म्हणवून घेणे ते टाळीत. या बारा नगरांना मात्र त्याचा अभिमान होता. नाव एकच, पण एका भावाला ते मिरवायला हवे आणि दुसऱ्याला नको!

पुढे इराणच्या बादशहाने हा सारा मुलूख जिंकला. इ.स.पू. ४९९ मध्ये आयोनियनांनी बंड केले. पाच वर्षांनी, ४९४ मध्ये, लादे नावाच्या एका लहानशा बेटापाशी आरमारी लढाई झाली. खिओसने १०० गलबते आणली होती, सामोसने ६०. ऐन लढाईच्या तोंडावर सामोसच्या ४९ गलबतांनी शिडे उभारली आणि सरळ घरची वाट धरली. आतून बोलणे आधीच झालेले होते. ११ गलबतांच्या नाखव्यांनी मात्र वरिष्ठांचा हुकूम मोडला आणि ते राहिले, लढले. खिओसवाल्यांनीही हटण्याचे नाव काढले नाही. लढाई हरायची ती हरलीच. दुसऱ्या वर्षी इराणी फौज खिओसवर उतरली. हिरोडोटस सांगतो, की शिपायांनी हातात हात धरून बेटाच्या या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत रांग केली आणि जाळे ओढावे तशी सारी माणसे धरत नेली. एक बातमी मात्र सांगण्यासारखी आहे. त्या अकरा नाखव्यांची नावे, त्यांच्या बापांच्या नावांसकट, सामोसकरांनी एका दगडी खांबावर कोरून तो भर बाजारात उभा केला.

आता हे नाव आपल्याकडे कसे आले ते पाहू. इराणी लोक या मंडळींना 'यौन' म्हणत. पुढे त्यांनी हे नाव साऱ्याच ग्रीकांना लावले. दारयवहु म्हणजे दारियस या बादशहाचे जे शिलालेख आहेत, त्यांत ताब्यातल्या मुलखांची यादी आहे. त्या यादीत यौनही आहेत आणि गांधार व सिंधही आहेत. सूसा येथे त्याने राजवाडा बांधला, तेव्हा सिंधेतून हस्तिदंत आला आणि खांब घडवणाऱ्या पाथरवटांत यौन होते, असे तो स्वतःच कोरून ठेवतो. त्याच्या मुलाने इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर स्वारी केली. त्या फौजेत आयोनियनांची १०० गलबते होती आणि कापसाचे कपडे घातलेले, बांबूची धनुष्ये घेतलेले हिंदी शिपाईही होते. म्हणजे शिकंदर इकडे यायच्या दीडशे वर्षे आधीच आपल्या माणसांनी हे नाव ऐकले असणार. संस्कृतात ते 'यवन' झाले, प्राकृतात 'योन'. पाणिनीच्या व्याकरणात यवन आहेत. अशोकाच्या शिलालेखात योन राजा आहे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण मला ते फार आवडते. हे नाव मुळात 'इआवोनेस' असे होते, मध्ये 'व' होता. क्रीट बेटावर मातीच्या पाट्या सापडल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या. १९५२ मध्ये त्यांची लिपी उलगडली, तेव्हा त्यांत ते नाव 'व'सकट मिळाले. खुद्द आयोनियनांच्या जिभेवरून तो 'व' कधीच गळून पडला. आपल्या 'यवन' शब्दात तो अजून टिकून आहे. त्या बेटकऱ्यांनी टाकलेला 'व' आपण सांभाळून ठेवला म्हणा ना.

तर शिकंदर आला, गेला. त्याच्यामागून वायव्येकडे ग्रीकांची राज्ये झाली. काही जण इथलेच होऊन गेले. मध्य प्रदेशात विदिशेजवळ एक दगडी खांब उभा आहे. ख्रिस्तापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षांचा. तक्षशिलेहून आलेला हेलिओदोर नावाचा योन वकील, म्हणजे राजदूत, स्वतःला भागवत म्हणवतो आणि वासुदेवाचा हा गरुडध्वज उभा केला असे त्या खांबावर लिहितो. आजूबाजूचे लोक त्याला 'खांबबाबा' म्हणून पुजत आले. विठ्ठलाच्या वारीला जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे हे आहे.

आणि मग आपले कार्ले. तिथला चैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. एवढे मोठे काम एकट्यादुकट्याच्या पैशाने होत नाही. पुष्कळांनी वाटा उचलला. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, घंटेवर देणगी देणाऱ्याचे नाव असते ना, तीच रीत. दार करणारा सुतार आपले नाव कोरतो, सुगंधी द्रव्ये विकणारा आपले नाव कोरतो. आणि खांबांवर येते धेनुकाकट गावच्या यवनांचे दान. सिहधय, धम्म अशी त्यांची नावे. सिहधय म्हणजे सिंहध्वज. नावे पाहिलीत? सगळी इथली. त्यांनी सामोस-खिओस डोळ्यांनी पाहिलेही नसेल. पण गावात त्यांना यवन म्हणत आणि तेही न लाजता तसे कोरून घेत.

जुन्नरच्या डोंगरांत असेच तीन यवन भेटतात. इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' दिल्या, म्हणजे पाण्याची टाकी. चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने लेण्याचा दर्शनी भाग. मला विचाराल तर तिघांत इरिल जास्त शहाणा. जुन्नरच्या उन्हाळ्यात डोंगरावर पाण्याची सोय करणाऱ्याला माणसे रोज दुवा देत असतील.

नाशिकचे पांडवलेणे तर अजब आहे. तिथे १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने कोरवले. हा धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडून आलेला. मुलाला बरोबर घेऊन, आईबापांच्या पुण्यासाठी त्याने लेणे आणि पाण्याची टाकी करवली. आणि त्याच डोंगरात ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन करते, की त्याने शक, यवन, पह्लव यांचा निःपात केला. एका लेण्यात यवन पाणी देणारा, दुसऱ्या लेण्यात यवन मार खाणारा. मधले अंतर चालत काही पावलांचे.

आता ताई, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आले. पैगंबर मुहंमदसाहेबांचा जन्म इ.स. ५७० च्या सुमाराचा. कार्ल्याचे खांब त्याच्या साडेचारशे-पाचशे वर्षे आधी उभे राहिले. त्या खांबावरच्या यवनाचा मुसलमान धर्माशी काडीचा संबंध असणे शक्य नाही, कारण तो धर्म तेव्हा नव्हताच.

मग मुसलमानांना यवन म्हणायचे कसे सुरू झाले? तर सुरुवातीला यवन म्हणजे ग्रीक. मग पश्चिमेच्या समुद्रावरून व्यापाराला येणारा कुणीही परका म्हणजे यवन. त्यांची गलबते येत आणि मिरी भरून नेत. संस्कृतात मिऱ्याला एक नाव 'यवनप्रिय' असे आहे, ते उगाच नाही. पुढे पश्चिमेकडून ग्रीक यायचे थांबले, अरब येऊ लागले, तुर्क आले. येण्याची वाट तीच राहिली, माणसे बदलली. नाव मात्र त्या वाटेवर पाटीसारखे टांगलेलेच होते. जो येईल त्याच्या गळ्यात पडले. बखरींच्या काळापर्यंत यवन म्हणजे मुसलमान एवढाच अर्थ उरला आणि लढायांच्या दिवसांत त्यात राग भरला. कीर्तनातून, पुस्तकांतून तो आपल्यापर्यंत आला. जो मुलूख जिंकायला आला तोही यवन, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गाद्या पिंजतो तोही यवन!

यातली खरी गंमत पुढेच आहे. अरबांनी आणि तुर्कांनी ग्रीकांसाठी तेच इराणी नाव उचलले, 'युनान'. आजही तुर्की भाषेत ग्रीस देशाला युनानिस्तान म्हणतात. आपल्याकडे हकिमाच्या दवाखान्यावर 'युनानी' अशी पाटी असते, ती त्यातलीच, कारण त्या वैद्यकाचे मूळ ग्रीक. म्हणजे तुर्क ज्यांना यवन म्हणत आले, त्यांच्या नावाने आपण तुर्काला हाक मारली. शेजाऱ्याच्या म्हशीचे नाव आपल्या बैलाला ठेवावे, तसे झाले.

बरे, ज्यांचे हे नाव, त्या बेटकऱ्यांचे काय झाले? त्यांनी ते कधीच सोडले. पुढे शेकडो वर्षे ते कॉन्स्टँटिनोपलच्या रोमी बादशाहीत राहिले, म्हणून स्वतःला 'रोमी' म्हणू लागले. १४५३ मध्ये तुर्कांनी ते शहर घेतले, तरी नाव रोमीच राहिले. तुर्क त्यांना 'रूम' म्हणत. लेम्नोस नावाच्या बेटाची एक आठवण प्रसिद्ध आहे. तिथे १९०८ मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इतिहासाचे प्राध्यापक झालेले पीटर खरानिस ती सांगत. १९१२ मध्ये ग्रीसच्या आरमाराने ते बेट तुर्कांकडून घेतले. ग्रीक लोक आपल्या देशाला एलास आणि स्वतःला एलिनेस म्हणतात. तर हे एलिनेस कसे दिसतात ते पाहायला गावातली पोरे धावली. शिपायाने विचारले, काय बघताय रे? पोरे म्हणाली, एलिनेस बघतोय. शिपाई म्हणाला, मग तुम्ही कोण, तुम्ही एलिनेसच ना? पोरे म्हणाली, छे, आम्ही रोमी! घरात, शेतात ग्रीकच बोलणारी ही पोरे.

तुमच्या तालुक्याच्या गावी काष्ठौषधीचे दुकान असेल तर तिथे 'रुमी मस्तकी' मागून पाहा. पिवळसर पांढरे, पारदर्शक खडे असतात. अस्सल असेल तर तो डिंक आपल्या त्या खिओस बेटाचा, आणि 'रुमी' म्हणजे त्या रोमी लोकांचा. बेटाच्या दक्षिणेकडच्या वीसेक गावांत हे पीक निघते. झाड ठेंगणे, झुडपासारखे. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, वर पांढरी चुनखडीची माती पसरतात, मग सालीला बारीक बारीक चिरा देतात. डिंक थेंबाथेंबाने खाली गळतो आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. त्या थेंबांना तिकडे 'अश्रू' म्हणतात. ते वेचून आणायचे आणि थंडीत घरोघरी बायकांनी बसून एकेक खडा साफ करायचा. तुर्कांच्या अमलात हा माल बादशाही जनानखान्यात जाई. १८२२ मध्ये खिओसवर फार मोठी कत्तल झाली, हजारो माणसे गुलाम म्हणून विकली गेली, तेव्हा या डिंकाच्या गावांना बरीचशी झळ चुकली, ती या पिकाच्या पायी. १९३८ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी आपला सहकारी संघ काढला. २०१२ च्या वणव्यात पुष्कळ झाडे जळाली, तरी पीक चालू आहे.

झाडाला चीर देण्याच्या त्या कामाला ते 'केंतिमा' म्हणतात. टोचणे या अर्थाचा हा शब्द. त्याच मुळातून ग्रीक 'केंत्रोन' निघाला. केंत्रोन म्हणजे बैलाला टोचायची अणी, आपल्या पराणीची आर. भूमितीत कंपासाचे जे टोक कागदात रुतते तेही केंत्रोन. यवनांचे ज्योतिष आपल्याकडे आले त्याबरोबर हा शब्द आला आणि 'केंद्र' झाला. सहाव्या शतकातला वराहमिहिर मोकळ्या मनाने लिहितो, की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान आहे. आता तुम्ही रोज दूध घालता ते संकलन केंद्र, पोराला लस टोचता ते आरोग्य केंद्र. शेतमालाला दाम मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, त्यातला 'दाम'ही मुळात ग्रीकांचे नाणे, द्राख्मा. आणि विहीर खोदताना खडक लागला की लावतात तो सुरुंग, हाही शब्द त्यांच्याकडचाच.

तर ताई, मुलाला असे सांगा. खांब देणारा यवन होता, हे खरे. तो त्याच्या दोस्ताचा आजा नव्हता, हेही जवळजवळ खरे. 'जवळजवळ' एवढ्यासाठी म्हणतो, की धेनुकाकटचे ते यवन काही परत गलबतात बसून गेले नाहीत. सिहधय आणि धम्म अशी नावे घेऊन ते इथेच राहिले, त्यांची पोरेबाळे इथल्याच लोकांत मिसळली. एकोणीसशे वर्षांत ते रक्त कुणाकुणाच्या घरात गेले याचा हिशेब कोण ठेवणार? पिंजाऱ्याच्या घरी असेल, तुमच्याही घरी असेल, गाडीत चेष्टा करणाऱ्या पोरांच्या घरी असेल.

गुरुजींनाही हा अंक दाखवा. पुढच्या वर्षी सहल नाशिकला न्यावी. पांडवलेण्यात आधी १७ नंबर दाखवावा, मग ३ नंबर.

आणि तो मुलगा अजून शाळेत आला नसेल, तर तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा. पोराला पाठवू नका. त्याच्या आईशी बोला, येत्या बाजारच्या दिवशी त्याला तुमच्याकडे जेवायला बोलवा आणि दोघांना शेजारी बसवून हे वाचून दाखवा. तो पुन्हा शाळेत जाऊ लागला की दोन ओळींचे कार्ड टाका. मी वाट पाहतो आहे.